कलणारी परात : विनिपेग सरोवर

ऑक्टोबर २०१०च्या शेवटच्या आठवड्यात कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतावर उत्तरेकडून मोठं वादळ आलं. विनिपेग सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावर पाणी चढलं, बांध फुटले, काठावरच्या घरांत लाटा शिरल्या. यात गंमत अशी की सरोवरात एकूण पाणी काही वाढलं नव्हतं. वाऱ्याने उत्तरेकडचं पाणी दक्षिणेला लोटलं होतं, एवढंच. अशा वाऱ्यात दक्षिण टोकाची पातळी मीटरभर, कधी त्याहूनही जास्त चढते. वारा पडला की पाणी मागे जातं, पुन्हा थोडं पुढे येतं आणि असं हिंदकळत हळूहळू जागेवर बसतं.

खोल सरोवरात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी तळाकडून परत फिरतं, त्यामुळे एका टोकाला फारसं साचत नाही. विनिपेगला ही सोय नाही, कारण तिथे तळ लगेच लागतो. हे सरोवर ४१६ किलोमीटर लांब आहे, क्षेत्रफळ २४,००० चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. गोव्यासारखी सहा राज्यं त्यात आरामात बसतील. पण सरासरी खोली फक्त १२ मीटर आणि सगळ्यात खोल जागीही ३६ मीटरच्या आसपास. तुलनेला सुपीरियर सरोवर घ्या. ते विनिपेगच्या जेमतेम साडेतीनपट पसरलेलं आहे, पण त्यात पाणी मात्र चाळीस पटींहून जास्त.

पाणी भरून ठेवलेली परात डोळ्यांसमोर आणा. तिची एक कड बोटभर उचलली की पाणी लगेच दुसऱ्या कडेला धावतं. विनिपेग सरोवर ही तशी परात आहे, आणि तिची एक कड खरोखरच उचलली जात आहे. हजारो वर्षांपासून, आजही. या सरोवराचं क्षेत्रफळ सगळे सांगतात, जगातल्या पहिल्या डझनभर मोठ्या गोड्या सरोवरांत त्याची गणना करतात. माझ्या मते त्याची गोष्ट कळायला क्षेत्रफळाचा उपयोग नाही. लक्ष खोलीकडे हवं.

आधी नकाशा. सरोवर मॅनिटोबा प्रांतात, अगदी कॅनडाच्या मध्यावर, उत्तर-दक्षिण पसरलेलं आहे. उत्तरेला मोठं खोरं, दक्षिणेला लहान, आणि मध्ये कंबर आवळल्यासारखी चिंचोळी पट्टी. सगळ्यात अरुंद जागी ती दोन-तीन किलोमीटरच रुंद आहे. पश्चिमेकडून सस्काचेवान नदी येते, रॉकी पर्वतातलं बर्फाचं पाणी घेऊन. आग्नेयेकडून विनिपेग नदी येते आणि सगळ्यात जास्त पाणी तीच आणते. दक्षिणेकडून अमेरिकेतली रेड नदी येते. तिचं पाणी कमी, पण या गोष्टीत तिचं काम मोठं आहे. बाहेर जायला वाट एकच, उत्तर टोकाकडून नेल्सन नदीची, हडसन उपसागराकडे. विनिपेग शहर सरोवराच्या काठी नाही बरं का. ते रेड नदीवर, सरोवरापासून साधारण साठ किलोमीटर दक्षिणेला आहे. पहिल्यांदा जाणारे पाहुणे इथे हमखास फसतात.

सरोवराचे दोन काठ एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. पूर्वेला कॅनडाची प्राचीन ढाल आहे. ग्रॅनाइट आणि त्याच्या भाईबंदांचे हे खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने. गुळगुळीत, गुलाबी-करडे, मध्ये पाइनची झाडं आणि असंख्य लहान तळी. पश्चिमेला मात्र चुनखडीच्या जातीचे सपाट थर आहेत. साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वी हा भाग उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्राखाली होता, त्या समुद्राच्या तळाशी ते साचले. या दोन जगांच्या शिवणीवर सरोवर पडलं आहे. सरोवराच्या दक्षिणेला गार्सन गावाजवळ या थरांतला टिंडल नावाचा दगड काढतात. फिकट पिवळसर, आणि त्यावर गडद तपकिरी फांद्यांची नक्षी. जवळ जाऊन पाहिलं तर त्या फांद्या म्हणजे समुद्रतळाच्या चिखलात प्राण्यांनी केलेली बिळं आहेत, आणि मधूनमधून कापलेले शंख, प्रवाळ दिसतात. ओटावाच्या संसद भवनात आत हाच दगड वापरला आहे. खासदार ये-जा करतात त्या भिंतींत समुद्री जीव निवांत पडलेले असतात.

खडक इतके जुने असले तरी सरोवर मात्र अगदी कालचं आहे. त्याचा जन्म बर्फातून झाला.

शेवटच्या हिमयुगात उत्तर अमेरिकेचा मोठा भाग हिमचादरीखाली होता, आणि हडसन उपसागराच्या आसपास तिची जाडी तीन किलोमीटरच्या घरात होती. हवामान तापू लागलं तशी ही चादर दक्षिणेकडून उत्तरेकडे मागे सरू लागली. आता अडचण अशी झाली की तिथल्या जमिनीचा उतार उत्तरेकडे, हडसन उपसागराकडे आहे, आणि त्या वाटेवर बर्फाचीच भिंत उभी. वितळलेलं पाणी जाणार कुठे? ते भिंतीच्या पायथ्याशी साचत गेलं आणि तिथे एक अवाढव्य सरोवर तयार झालं. त्याला आज अगासी सरोवर म्हणतात. इथे कधीकाळी सरोवर असावं असा अंदाज विल्यम कीटिंग यांनी १८२३ मध्येच केला होता; १८७९ मध्ये वॉरन अपहॅम यांनी हिमयुगाची कल्पना जगापुढे ठासून मांडणाऱ्या लुई अगासी यांचं नाव त्याला दिलं. अगासी सरोवर सुमारे पाच हजार वर्षं टिकलं. त्याचा आकार सतत बदलत होता, पण भर काळात ते आजच्या कॅस्पियन समुद्रापेक्षा मोठं होतं. आज जिथे विनिपेग शहराचे रस्ते आहेत तिथे त्या काळी २०० मीटरच्या आसपास पाणी होतं.

बर्फाची भिंत जसजशी हलत गेली तसतशा सरोवराच्या वाटा बदलल्या. कधी ते दक्षिणेला वाहिलं. त्या पुराने खणलेल्या रुंद दरीतून आज लहानशी मिनेसोटा नदी वाहते, आणि एवढ्या मोठ्या दरीत एवढी किरकोळ नदी कशी, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. कधी ते पूर्वेला, सुपीरियर सरोवरात रितं झालं. शेवटी, सुमारे ८,४०० ते ८,२०० वर्षांपूर्वी, हडसन उपसागरावर उरलेलं बर्फ फुटलं आणि अगासीचं राहिलेलं पाणी समुद्रात गेलं. या पाण्याचे अंदाज लाखभर घन किलोमीटरच्या पुढचे आहेत. आजच्या विनिपेग सरोवरात मिळून २८० घन किलोमीटर आहे, म्हणजे प्रमाण लक्षात यावं. ग्रीनलंडच्या बर्फात खोलवर भोकं पाडून काढलेल्या नळकांड्यांत ८,२०० वर्षांपूर्वी एकाएकी गारठा आल्याची नोंद सापडते. तो साधारण दीडशे वर्षं टिकला. उत्तर अटलांटिकच्या खारट पाण्यावर गोड्या पाण्याचा थर पसरला, तिथलं पाणी जड होऊन तळाला जाण्याची क्रिया मंदावली, आणि त्यामुळे उत्तरेकडे उष्णता नेणारे प्रवाह ढिले पडले, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. यात एकट्या अगासीचा हात होता की वितळत्या हिमचादरीचाही, यावर शास्त्रज्ञांचा खल अजून चालू आहे.

अगासी गेलं, त्याचा तळ मागे राहिला. रेड नदीचं खोरं आपण म्हणतो, पण नदीने कोरलेलं ते खोरं नव्हेच. तो जुन्या सरोवराचा तळ आहे, म्हणून तर इतका सपाट. चिकण माती, क्षितिजापर्यंत शेतं आणि दर किलोमीटरला काही सेंटिमीटरच उतार. त्यात नदी उत्तरेकडे वाहते, म्हणजे वसंतात उगमाकडचं बर्फ आधी वितळतं आणि मुखाकडची नदी तोवर गोठलेलीच असते. पुढे वाट नाही म्हटल्यावर पाणी आडवं पसरतं. १९९७ मध्ये असाच पूर आला, त्याला तिथले लोक ‘शतकातला पूर’ म्हणतात. अगासीच्या तळावर दरवर्षी थोडंफार सरोवर परत येतं म्हणायला हरकत नाही.

या सपाट मैदानात अधूनमधून वाळूचे लांबच लांब उंचवटे दिसतात. ते अगासीचे किनारे. अपहॅम यांनी घोडागाडीच्या जमान्यात त्यांची उंची मोजत मैलोन्‌मैल प्रवास केला, आणि त्यांच्या एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. एकाच काळचा किनारा उत्तरेकडे जावं तसा उंच होत जातो. पाण्याची कड तर समपातळीतच असणार. तेव्हा किनारा तयार झाल्यावर जमीन कलली, दुसरा अर्थ निघत नाही.

ती का कलली? तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाने पृथ्वीचं कवच खाली दाबलं होतं. खालचा प्रावरणाचा थर घन असला तरी हजारो वर्षांच्या हिशोबात तो दाट द्रवासारखा सरकतो. भार आला तसा तो बाजूला गेला. भार उतरल्यावर तो परत येतो आहे, पण आपल्या चालीने. बर्फ जिथे सगळ्यात जाड होतं तो हडसन उपसागराचा किनारा आज वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वर येतो. तिथून नैर्ऋत्येला यावं तसा हा वेग कमी होतो. विनिपेग सरोवर उत्तर-दक्षिण लांब असल्याने त्याच्या दोन टोकांचा वेग वेगळा आहे. आणि पाणी बाहेर जाण्याची वाट नेमकी उत्तरेला, म्हणजे जास्त वेगाने वर येणाऱ्या टोकाला. परातीची ओतायची कड वर उचलली जाते आणि पाणी मागे, दक्षिणेला चढतं. दक्षिण किनाऱ्यावर हा चढ शंभर वर्षांत २० सेंटिमीटरच्या आसपास आहे.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण सपाट किनाऱ्यावर हातभर उभं पाणी कित्येक मीटर आडवं आत येतं. १९९० च्या दशकात कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने ‘नामाओ’ या जहाजावरून सरोवराचा तळ पहिल्यांदाच नीट तपासला. दक्षिण खोऱ्यात तळात नळ्या घालून गाळ काढला, तेव्हा खाली अगासीची घट्ट माती, वर सरोवराचा मऊ गाळ आणि दोहोंच्या मध्ये मोठा खंड सापडला. म्हणजे अगासी रितं झाल्यावर दक्षिण खोरं दीर्घकाळ कोरडं होतं. उत्तर टोक वर येत गेलं आणि हवामान ओलसर झालं तेव्हा कुठे पाणी इथवर पोहोचलं. किनाऱ्याजवळ पाण्याखाली मुळांसकट उभे असलेले झाडांचे बुंधेही सापडले. ते त्याच जागी जमिनीवर वाढले होते, पाणी त्यांच्यावर नंतर आलं. तळावर लांबच लांब चरही दिसले. हिवाळ्यात वाऱ्याने बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून त्यांचे ढीग होतात, आणि सरोवर इतकं उथळ की ढिगाचं खालचं टोक तळाला लागून नांगरत जातं.

माणसं इथे पुष्कळ आधीपासून आहेत. क्री आणि अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांची गावं सरोवराच्या दोन्ही काठांवर आहेत. पूर्वेकडच्या अरण्याचा पिमाचिओविन आकी हा पट्टा २०१८ मध्ये जागतिक वारसा झाला, तो निसर्गाइतकाच त्यांच्या तिथल्या वहिवाटीसाठी. अठराव्या शतकात फ्रेंच आले, मग हडसन बे कंपनी. फरचा व्यापार याच पाण्यावरून चालायचा. उत्तर टोकापलीकडचं नॉर्वे हाउस हे मोठं नाकं होतं. यॉर्क नावाच्या वल्हवायच्या लाकडी होड्या तिथून समुद्राकडे माल नेत. उथळ पाण्यात लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग येतात, होडीला सावरायला सवड मिळत नाही. जुने नावाडी वारा पाहून दिवसचे दिवस काठाला पडून राहत ते याचसाठी. पुढे आगबोटी आल्या तरी धोका गेला नाही. ‘प्रिन्सेस’ ही मोठी आगबोट १९०६ मध्ये याच लाटांत फुटली.

१८७५ हे साल सरोवराच्या इतिहासात फार दाटीवाटीचं आहे. त्या सप्टेंबरात मॅनिटोबाचे लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर मॉरिस ‘कोलव्हिल’ या आगबोटीतून सरोवरभर फिरले आणि बेरेन्स रिव्हर, नॉर्वे हाउस, ग्रँड रॅपिड्स इथे मूळनिवासी प्रमुखांच्या सह्या घेतल्या. मूळनिवासींच्या जमिनींबाबत सरकारने केलेल्या करारांतला हा पाचवा. सरकारला जलमार्ग मोकळा हवा होता. आधीच्या तिसऱ्या आणि चौथ्या करारांत पाच माणसांच्या कुटुंबामागे ६४० एकर जमीन धरली होती, इथे १६० एकर. पुढच्याच महिन्यात, २१ ऑक्टोबरला, याच ‘कोलव्हिल’ने सपाट तराफे ओढत आणले आणि त्यांतून अडीचशेच्या आसपास आइसलंडचे लोक पश्चिम किनाऱ्यावर उतरले.

आइसलंडमध्ये आधीच हालाखी होती, त्यात त्या वर्षी मार्चमध्ये आस्क्या ज्वालामुखी फुटला आणि पूर्व भागातल्या कुरणांवर राख पसरली. कॅनडा सरकारने सरोवराकाठची पट्टी या लोकांसाठी राखून ठेवली. गिमली गाव वसलं. तोंडावर हिवाळा, तंबू गळके, आणि समुद्रात मासे धरणाऱ्या या लोकांना बर्फाखालची मासेमारी ठाऊक नव्हती. त्यांची जाळीही इथल्या माशांना चालेनात. पुढच्या वर्षी आणखी बाराशे लोक आले आणि त्यांच्याबरोबर देवीची साथ आली.

शंभराहून जास्त आइसलंडवासी मेले. त्यांचा हा इतिहास तिकडे आवडीने सांगितला जातो. शेजारच्या सँडी बार इथल्या मूळनिवासी वस्तीचं काय झालं ते मात्र कितीतरी काळ तळटिपेत राहिलं: ती वस्ती जवळजवळ संपली आणि उरलेली घरं साथीच्या भीतीने जाळली गेली. त्यांच्यात जॉन रॅमसे नावाचा गृहस्थ होता. वसाहतीच्या हद्दीत त्याची स्वतःची जमीन गेली होती, त्यावरून सुरुवातीला खटकेही उडाले. तरी त्या हिवाळ्यात त्याने नवख्यांना शिकार पुरवली, वाटा दाखवल्या. साथीत त्याची बायको बेट्सी गेली. त्याने तिच्यासाठी संगमरवरी दगड मिळवला आणि थडग्यावर उभा केला. आसपासच्या कित्येक आइसलंडवासीयांच्या कबरींना तेव्हा साधी लाकडी खूणही नव्हती.

या वसाहतीला ‘नवं आइसलंड’ म्हणत. त्यांनी स्वतःची घटना लिहिली, ‘फ्रामफारी’ नावाचं वृत्तपत्र काढलं. सप्टेंबर १८७७ मध्ये कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरीन गिमलीला येऊन गेले. हे तेच डफरीन जे १८८४ मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले, आणि ज्यांच्या पत्नीच्या नावाने आपल्याकडे बायकांसाठी दवाखाने निघाले. सोलापूरच्या डफरीन चौकातून रोज जाणाऱ्यांना त्या बाईंचं नाव विनिपेगमध्येही सापडेल: १८७७ मध्ये रेड नदीतून तराफ्यावर चढवून आणलेलं तिथलं पहिलं वाफेचं इंजिन ‘काउंटेस ऑफ डफरीन’ म्हणून आजही जपून ठेवलं आहे.

बर्फाखालची मासेमारी आइसलंडवाले शिकले, आणि पुढच्या पिढ्यांत या काठावर एक भन्नाट अवजार रूढ झालं. त्याला जिगर म्हणतात. बर्फाला भोक पाडलं, पण जाळं शे-दीडशे मीटर लांब ताणायचं तर बर्फाखालून दोरी पलीकडे न्यायची कशी? जिगर म्हणजे एक लांब फळी, मध्ये खाच, आणि खाचेत लोखंडी टोकाचा दांडा. फळी भोकातून आत सरकवली की लाकूड असल्याने ती तरंगून बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटते. दोरीला हिसका दिला की दांड्याचं टोक बर्फात रुततं आणि फळी पुढे ढकलली जाते. दोरी सैल सोडली की दांडा मागे पडतो. पुन्हा हिसका, पुन्हा सैल. फळी बर्फाखालून सरपटत जाते आणि वर एकजण तिची ठकठक ऐकत, बर्फ स्वच्छ असेल तर तिचा रंग पाहत, मागोमाग चालतो. ठरल्या अंतरावर दुसरं भोक पाडायचं, दोरी काढून घ्यायची, जाळं ओढायचं. ना इंजिन, ना बॅटरी. आजही हेच वापरतात.

जाळ्यात मुख्यतः वॉलाय येतो, पण तिथे त्याला पिकरलच म्हणायचं. धुरावलेला, केशरी-लाल रंग चढवलेला गोल्डाय मासा हॉटेलांत मिरवतो. १९७० मध्ये वरच्या नद्यांतल्या कारखान्यांचा पारा माशांत सापडला आणि व्यावसायिक मासेमारी बंद ठेवावी लागली. शेकडो किलोमीटर दूरच्या कारखान्याने इथल्या ताटातलं जेवण बिघडवायची ती पहिली वेळ, शेवटची नव्हे.

त्याच दशकात सरोवराला नळ बसला. उत्तर टोकापुढे नेल्सन नदीवर जेनपेग इथे नियंत्रण बंधारा बांधला, नवे कालवे खोदले, आणि १९७६ पासून मॅनिटोबा हायड्रो ही सरकारी वीज कंपनी सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ७११ ते ७१५ फुटांच्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न करते. कारण उघड आहे: वीज हिवाळ्यात हवी, पाणी उन्हाळ्यात येतं. तेव्हा उन्हाळ्यात अडवायचं, हिवाळ्यात सोडायचं. प्रांताची बहुतेक वीज नेल्सनच्या धरणांतून येते, आणि त्या सगळ्या धरणांची टाकी म्हणजे हे सरोवर. दक्षिण काठावरच्या बंगलेवाल्यांची तक्रार असते की किनारा खचतो तो हायड्रोमुळे. भूशास्त्र पाहिलं तर तिथली धूप प्रामुख्याने वारा, ओली वर्षं आणि जमिनीचा कल यांची आहे. खरं नुकसान झालं ते उलट्या बाजूला, बंधाऱ्याच्या खाली. क्रॉस लेक इथल्या क्री लोकांच्या सरोवरात पातळी भलत्या ऋतूत चढू-उतरू लागली, हिवाळ्यात बर्फावरच्या वाटा दगा देऊ लागल्या, मासे गेले. १९७७ मध्ये भरपाईचा करार झाला. प्रांताच्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन माफी मागितली ती जानेवारी २०१५ मध्ये.

आता पाण्याच्या रंगाकडे येऊ. १९९० च्या दशकापासून उपग्रहाच्या चित्रांत उन्हाळ्याच्या शेवटी सरोवरावर हिरवे भोवरे दिसू लागले. काही वर्षी उत्तर खोऱ्याचा बराचसा भाग हिरवागार होता. हे सायनोबॅक्टेरिया, आपण ज्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते. मेल्यावर कुजताना ते पाण्यातला ऑक्सिजन खातात, आणि त्यांच्यातल्या काही जाती विष सोडतात. २०१३ मध्ये जर्मनीच्या ग्लोबल नेचर फंड या संस्थेने विनिपेगला ‘संकटग्रस्त सरोवर’ ठरवलं.

यांचं खत कोणतं, याचा निकाल ज्या प्रयोगाने लागला तो याच सरोवराच्या पाणलोटात झाला. वायव्य ओंटारिओत कॅनडा सरकारने प्रयोगासाठी अख्खी तळीच राखून ठेवली होती. त्यांतलं २२६ क्रमांकाचं तळं मध्ये चिंचोळं. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी त्या कंबरेत पडदा टाकून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडला. दुसऱ्यात तेच, अधिक फॉस्फरस. विमानातून काढलेला फोटो जगभर गाजला: एक अर्धं काळंशार नितळ, दुसरं मटाराच्या रश्शासारखं. सायनोबॅक्टेरियांतल्या कित्येक जाती नायट्रोजन हवेतून उचलतात. फॉस्फरस हवेत नसतो, तो जमिनीवरूनच यावा लागतो. तेव्हा चावी फॉस्फरसची. शिंडलर यांचा जन्म रेड नदीकाठच्या फार्गो शहरातला, आणि निवृत्तीच्या आगेमागे त्यांनी याच विनिपेग सरोवराच्या ऱ्हासावर लिहिलं.

आता खोली आणि पाणलोट एकत्र मांडा. विनिपेगला सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर प्रदेशाचं पाणी येतं: कॅनडाचे चार प्रांत, अमेरिकेची चार राज्यं. सरोवराच्या प्रत्येक चौरस किलोमीटरमागे जवळपास ४० चौरस किलोमीटर जमीन, सुपीरियरला दीड. एवढ्या जमिनीचं धुवण आणि ते पातळ करायला १२ मीटर पाणी. रेड नदी एकूण पाण्याचा लहानसा भाग आणते, पण फॉस्फरस दोन तृतीयांशच्या आसपास. खतं, डुकरांच्या गोठ्यांतलं शेण, सांडपाणी, आणि वसंतातला तो सपाट मैदानावरचा पूर, जो गोठलेल्या शेतावरून सगळं विरघळवून नेतो.

नदीच्या मुखाशी नेटली-लिबाऊ ही मोठी पाणथळ आहे. तिथल्या पाणकणसाच्या बेटांनी हा फॉस्फरस थोडा तरी गाळून घ्यायला हवा होता. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नदी आणि नेटली तळं यांच्यामध्ये एक छोटा चर खणला गेला, तो प्रवाहाने रुंदावत शेकडो मीटरचा झाला, नदी थेट आत शिरली. वनस्पतींची बरीचशी बेटं बुडाली. वर दक्षिण टोकाला चढत चाललेली पातळी आहेच. पाणकणीस कापून काढलं तर त्याच्याबरोबर फॉस्फरसही बाहेर येतो आणि कापलेलं जाळता येतं, असे प्रयोग इथे झाले आहेत. कल्पना छान आहे. आकडा लहान आहे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये बंदरांत झेब्रा शिंपले सापडले, पूर्व युरोपातून जहाजांबरोबर अमेरिकेत आलेले. पुढच्या वर्षी चार बंदरांची तोंडं पडद्यांनी बंद करून आत पोटॅश ओतलं. आतले शिंपले मेले, बाहेरचे राहिले. आता दक्षिणेच्या वाळूवर अनवाणी चालायची सोय उरली नाही, कवचांच्या कडा ब्लेडसारख्या आहेत.

दोष द्यायला शहर सोयीचं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विनिपेगमध्ये नळ फुटून २० कोटी लिटरहून जास्त मैलापाणी रेड नदीत गेलं, आणि सरोवराकाठच्या मूळनिवासी गावांनी दावे लावले. ते योग्यच. तरी फॉस्फरसच्या एकूण हिशोबात शहराचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास. उरलेला हजारो शेतांतून थोडा थोडा येतो, अर्ध्याच्या आसपास तर सीमेपलीकडून. अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त आयोगाने सीमेवर रेड नदीतून वर्षाला १,४०० टन फॉस्फरस ही मर्यादा सुचवली, आणि २०२२ मध्ये दोन्ही सरकारांनी ती मान्य केली. ती बंधनकारक नाही. शिवाय पुराच्या वर्षी त्यातला मोठा वाटा एप्रिलच्या काही आठवड्यांतच सीमा ओलांडतो, जेव्हा शेतकऱ्याचं शेत गोठलेलं असतं आणि खत आदल्या हंगामातच पडलेलं असतं.